कंपवाताच्या रुग्णांना हालचाल परत देणारे डॉ. कोट्झिअस

कंपवात म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार झालेल्या माणसाला डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिच्यातील मुख्य द्रव्य बहुतेक वेळा लेव्होडोपा हेच असते. या औषधाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. दरम्यान नवी औषधे आली, मेंदूत विद्युत तारा बसविण्याची शस्त्रक्रिया आली, तरी लेव्होडोपाचे स्थान ढळलेले नाही. हे औषध रुग्णाला किती आणि कसे द्यायचे, हे जगाला दाखवून दिले ते जॉर्ज कोट्झिअस या ग्रीक-अमेरिकन डॉक्टरांनी. जखडलेले शरीर या औषधाने मोकळे होते, पण काही काळाने तेच शरीर माणसाच्या इच्छेविरुद्ध हलू, डोलू, वळवळू लागते. याची सविस्तर नोंद करणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांमध्येही कोट्झिअस होते. एका हाताने मोठे यश मिळाले आणि दुसऱ्या हातात एक न सुटणारे कोडे आले. त्या कोड्याची उकल करण्यात त्यांचे उरलेले आयुष्य गेले.

कोट्झिअस यांचा जन्म १६ जून १९१८ रोजी ग्रीसमधील क्रीट बेटावर हानिया या गावी झाला. घर राजकारणात मुरलेले होते. वडील कॉन्स्टंटाइन कोट्झिअस अथेन्सचे महापौर होते आणि पुढे जनरल मेटॅक्सस यांच्या हुकूमशाही राजवटीत राजधानीचा कारभार त्यांच्याकडे होता. मुलाने मात्र वैद्यकाची वाट धरली आणि अथेन्स विद्यापीठात प्रवेश घेतला. शिक्षण पुरे होण्याआधीच युद्ध दारात आले. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या आणि कोट्झिअस कुटुंबाला देश सोडून अमेरिका गाठावी लागली.

तेविशीतल्या या निर्वासित तरुणाला तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होते. तरीही हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि १९४३ मध्ये त्यांनी पदवी मिळवली, तीही गुणवत्तेसह. पुढे बोस्टनमधील रुग्णालयांत त्यांनी वैद्यक आणि मज्जाविज्ञान या दोन्ही शाखांचा अनुभव घेतला. त्यानंतर काही वर्षे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत संशोधन केले. शरीरातील रासायनिक घडामोडी हा त्यांच्या आवडीचा विषय तेथेच पक्का झाला. १९५३ मध्ये ते ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दाखल झाले.

न्यूयॉर्कच्या पूर्वेस लाँग आयलंडवर असलेली ही प्रयोगशाळा मुळात अणुसंशोधनासाठी स्थापन झालेली. तिच्या वैद्यकीय विभागाला स्वतःचे छोटे रुग्णालय होते. किरणोत्सारी द्रव्ये अल्प प्रमाणात शरीरात सोडून त्यांचा माग काढण्याची साधनेही तेथे होती. कोट्झिअस यांनी त्यासाठी निवडला मँगनीज हा धातू. शरीराला तो अगदी थोडा लागतो, पण जास्त झाला तर मेंदूवर घाला घालतो. चिलीमधील खाणीत मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून घेणाऱ्या कामगारांना आधी वेडाचे झटके येत आणि पुढे त्यांचे शरीर ताठरे. चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होई, पावले अडखळत. दिसायला हा प्रकार कंपवाताच्या फार जवळचा होता.

कोट्झिअस चिलीला गेले. तेथील डॉक्टर इस्माएल मेना यांच्यासह त्यांनी या कामगारांची तपासणी केली. खाण सोडून बराच काळ झालेल्या आजारी कामगारांच्या शरीरातून जास्तीचे मँगनीज निघून गेले होते, पण आजार मात्र तसाच होता. म्हणजे विष शरीराबाहेर गेले, तरी मेंदूतील नुकसान कायम राहिले होते. हे नुकसान नेमके कोणते, या प्रश्नाने त्यांना कंपवाताकडे आणले.

त्या काळात कंपवाताविषयी काय माहीत होते, हे येथे थोडक्यात सांगायला हवे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, परंतु त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे त्यावर परिणामकारक उपाय सापडला नव्हता. मेंदूच्या तळाशी सब्स्टान्शिया नायग्रा हा काळसर भाग असतो. या रुग्णांत तो फिका पडतो, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ध्यानात आले होते. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी एक प्रयोग केला. एका औषधाने निपचित पडलेल्या सशांना त्यांनी डोपा टोचले आणि ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. या कामाचा वाटा असलेल्या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी, कंपवाताने मृत्यू आलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट असल्याचे दाखवले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, पण डोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन होते. म्हणून १९६१ मध्ये व्हिएन्नाच्याच वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना डोपाची इंजेक्शने दिली. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली, काही चाललीही. मात्र परिणाम काही तासांतच ओसरे.

औषध हाती होते, कारणही समजले होते. तरीही पुढची पाच-सहा वर्षे गाडे अडले. कारण डोपा पोटात गेले की मळमळ आणि उलट्या ठरलेल्याच. १९१३ मध्ये मार्कस गुगेनहाइम या रसायनतज्ज्ञांनी एका जातीच्या शेंगांतून हे द्रव्य वेगळे केले होते. त्यांनी स्वतः अडीच ग्रॅम घेऊन पाहिले आणि त्यांना जोराच्या उलट्या झाल्या. या त्रासापायी डॉक्टर मात्रा कमी ठेवीत. कमी मात्रेने कोणाला बरे वाटे, कोणाला काहीच नाही. डोपाचा गुण हा मनाचा खेळ असावा, असे म्हणणारेही निघाले. (डोपाचा एक भारतीय धागा येथेच नोंदवायला हवा. आपल्याकडे रानावनात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या बियांत हे द्रव्य असल्याचे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवले होते. तेव्हा त्याचा कंपवाताशी संबंध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.)

कोट्झिअस या प्रश्नाकडे वेगळ्याच वाटेने आले, आणि खरे सांगायचे तर ती वाट चुकीची होती. काळसर भाग फिका पडतो म्हणजे तेथील रंगद्रव्य, मेलॅनिन, नाहीसे होते. मग ते भरून काढता येईल का, असा त्यांचा विचार होता. प्रथम त्यांनी रुग्णांना मेलॅनिन वाढविणारे संप्रेरक दिले. रुग्णांची कातडी काळवंडली आणि कंप आणखी वाढला. फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लाचा प्रयोगही असाच उलटला. तिसरा क्रमांक डोपाचा होता, कारण शरीर डोपापासून मेलॅनिनही बनवते. रंगद्रव्य भरून काढायचे तर द्रव्य भरपूर हवे, हे ओघानेच आले. इतर डॉक्टर ज्या मात्रेपाशी थांबत, त्याच्या कितीतरी पुढे कोट्झिअस गेले ते यामुळे.

त्यांचा खरा मोठेपणा मात्र मात्रेत नाही, मात्रा वाढविण्याच्या पद्धतीत आहे. रुग्णाला ब्रुकहेवनच्या रुग्णालयात ठेवून घ्यायचे. अगदी थोड्यापासून सुरुवात करायची. दर काही दिवसांनी मात्रा किंचित वाढवायची. मळमळ झाली की थांबायचे, शरीराला सवय होऊ द्यायची आणि पुन्हा एक पायरी चढायची. असे आठवडेच्या आठवडे चाले. दिवसाला ३ ते १६ ग्रॅमपर्यंत डोपा रुग्णांच्या पोटात जाऊ लागले. १६ फेब्रुवारी १९६७ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कोट्झिअस, व्हॅन वूर्ट आणि शिफर यांनी १६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्या रुग्णांत मोठी सुधारणा झाली होती, आणि ती तासाभराची नव्हती, टिकणारी होती. काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. प्रयोगशाळेत बनणारे डोपा दोन प्रतिबिंबरूपांचे मिश्रण असते आणि त्यातील एकच रूप, एल-डोपा, मेंदूला उपयोगी पडते. तेव्हा दुसरे रूप वगळून शुद्ध एल-डोपा, म्हणजेच लेव्होडोपा, वापरायचे ठरले. ते महाग होते, पण निम्म्याहून कमी मात्रेत काम होऊ लागले आणि रक्ताचा दोषही टळला.

१९६९ मध्ये पापाव्हासिलिऊ आणि गेलेन या सहकाऱ्यांसह त्यांनी २८ रुग्णांवरील दीर्घ उपचारांचा अहवाल दिला. काहींवरील उपचारांना दोन वर्षे होत आली होती. वर्षानुवर्षे खुर्चीत जखडलेली माणसे स्वतःच्या हाताने जेवू लागली, सही करू लागली, रस्त्याने चालू लागली. त्याच वर्षी कोट्झिअस यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये अमेरिकी सरकारने लेव्होडोपाला मान्यता दिली.

याच १९६९ च्या अहवालात दुसरी नोंद आहे. सुमारे निम्म्या रुग्णांत अनैच्छिक हालचाली दिसू लागल्या होत्या. जीभ आणि ओठ उगीचच चाळवत. मान कलंडे, खांदे डोलत, हातपाय नाचल्यासारखे किंवा पिळवटल्यासारखे हलत. वैद्यकीय भाषेत याला डिस्कायनेशिया म्हणतात. हा कंप नव्हे. कंप एका ठेक्यात होतो आणि सामान्यतः अवयव स्वस्थ असताना दिसतो, तर या हालचालींना ना ताल ना ठराविक दिशा. आजही अनेक घरांत या दोहोंची गल्लत होते. आजार वाढला असे समजून गोळी वाढवण्याचा आग्रह धरला जातो आणि हालचाली आणखी बळावतात.

कोट्झिअस यांनी मात्रा घटवून पाहिली. हालचाली कमी झाल्या, पण ताठरपणा परतला. मात्रा पुन्हा वाढवली की हालचालीही परतत. त्याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. ज्या मात्रेने पहिल्या महिन्यांत काहीही त्रास होत नसे, तीच मात्रा पुढे अनैच्छिक हालचाली घडवू लागे. आजार उतरणे आणि हालचाली सुरू होणे यांमधील अंतर आक्रसत चालले होते. औषध तेच, मात्रा तीच, म्हणजे बदलत होता तो मेंदू.

हा बदल समजून घेण्यासाठी कोट्झिअस अनेक बाजूंनी भिडले. लेव्होडोपाचा बराच भाग मेंदूत पोचण्याआधीच शरीरात खर्ची पडतो. ती गळती थांबवणारे द्रव्य सोबत दिले तर मात्रा पुष्कळ कमी लागते आणि मळमळही कमी होते, हे दाखविण्यात त्यांच्या गटाचा वाटा होता. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची आजची जोडगोळी त्यातूनच आली. १९७० मध्ये त्यांनी अॅपोमॉर्फिनकडे मोर्चा वळवला. नाव भ्रामक असले तरी हे द्रव्य अफूची नशा देत नाही. ते डोपामिनची नक्कल करून पेशींवरील ग्राहकांना थेट चेतवते. त्यानेही ताठरपणा उतरला. डोपामिनचे ग्राहक चेतवले की आजाराला उतार पडतो, या समजुतीला त्यामुळे बळकटी आली. तोंडावाटे मोठ्या मात्रेत दिल्यावर मात्र मूत्रपिंडांवर ताण येऊ लागला आणि त्याच कुळातील दुसऱ्या द्रव्याचा शोध त्यांना घ्यावा लागला. १९७५ मध्ये मेना आणि कोट्झिअस यांनी आहारातील प्रथिनांचा संबंध उघड केला. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा हे एकाच दाराने मेंदूत शिरतात, त्यामुळे भरपूर प्रथिने खाल्ल्यावर औषधाची वाट अडते. गोळी डाळ, दूध, अंडी यांच्याबरोबर घेऊ नका, असे डॉक्टर सांगतात त्याचे मूळ येथे आहे.

हे सारे चालू असताना कोट्झिअस यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने गाठले. उपचार घेत असतानाही त्यांचे काम थांबले नाही. ब्रुकहेवन सोडून ते न्यूयॉर्क शहरात स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात आणि कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले. मोठ्या मात्रेतील लेव्होडोपाची सवय झालेले उंदीर अधिक जगतात का, हा त्यांचा अखेरच्या काळातील एक अभ्यास होता. जून १९७७ मध्ये, एकोणसाठावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे राहिलेल्या कोड्याचा बराच भाग पुढच्या चार-पाच दशकांत उलगडला. तो समजण्यासाठी घरातील पाण्याचे उदाहरण घेता येईल. पालिकेचे पाणी दिवसातून दोनदाच येते, पण गच्चीवर टाकी असेल तर नळाला दिवसभर धार राहते. आजाराच्या सुरुवातीला मेंदूत डोपामिन बनविणाऱ्या काही पेशी शिल्लक असतात. गोळीतून आलेले लेव्होडोपा त्या घेतात, त्याचे डोपामिन करून साठवतात आणि गरजेप्रमाणे सोडतात. ही झाली टाकी. आजार वाढतो तशा या पेशी मरत जातात आणि टाकी नाहीशी होते. मग गोळी घेतली की डोपामिनचा लोंढा आणि तिचा अंमल उतरला की ठणठणाट, असे दिवसातून अनेकदा घडते. रक्तातील लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येते, हे ध्यानात घेतले की या चढउतारांची कल्पना येईल.

टाकी नसताना डोपामिन बनते तरी कोठे? सेरोटोनिन हाताळणाऱ्या पेशी हे काम अंगावर घेतात. परंतु डोपामिन किती सोडायचे, कधी थांबायचे आणि सांडलेले परत कसे गोळा करायचे, याची यंत्रणा त्यांच्याकडे नसते. विशिष्ट किरणोत्सारी चित्रण वापरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा लोंढा प्रत्यक्ष मोजता आला. अनैच्छिक हालचाली असलेल्या रुग्णांत गोळी घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात डोपामिनची पातळी इतरांपेक्षा अधिक उसळते.

वारंवार येणारे हे लोंढे झेलणाऱ्या पेशी स्ट्रायटम या भागात असतात. हालचालींना परवानगी देणाऱ्या तेथील पेशींवर डोपामिनचे 'डी-१' नावाचे ग्राहक असतात. लोंढ्यांखाली या पेशी अतिसंवेदनशील होतात. त्यांच्या केंद्रकात 'डेल्टा फॉस-बी' हे प्रथिन साचत जाते आणि कोणती जनुके चालू-बंद राहावीत याचे गणित बदलते. निरोगी मेंदूत पेशींमधील जोडणी जशी बळकट होते, तशी ती वेळ आल्यावर सैलही होते. अनावश्यक हालचाल विसरण्याची सोय त्यात असते. अनैच्छिक हालचाली जडलेल्या उंदरांच्या मेंदूत ही विसरण्याची क्षमताच गेलेली असते, असे इटलीतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. हालचाल रोखण्याशी संबंधित असलेल्या उजव्या कपाळामागील भागात अशा रुग्णांमध्ये करडे द्रव्य वाढलेले दिसते, असेही एमआरआय चित्रांवरून पुढे आले. तो बदल हालचालींचे कारण की परिणाम, याचा निवाडा अजून झालेला नाही.

ज्यांच्या डोपामिनपेशी शाबूत आहेत अशांना नेहमीच्या मात्रेत लेव्होडोपा दिले तर या हालचाली सहसा होत नाहीत. म्हणजे दोष केवळ गोळीचा नाही. पेशी गमावलेला मेंदू आणि तुटक तुटक पोचणारे औषध, असे दोन्ही एकत्र यावे लागते. हा मुद्दा पुस्तकी नव्हे. लेव्होडोपा लवकर सुरू केले तर हालचाली लवकर जडतील, या भीतीने अनेक वर्षे डॉक्टर आणि रुग्ण हे औषध लांबणीवर टाकत आले. तोवर हात चालत नाहीत, नोकरी सुटते, घराबाहेर पडणे बंद होते, आणि औषध मात्र उद्यासाठी राखून ठेवलेले असते. २०१४ मध्ये घाना आणि इटली येथील रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. घानातील रुग्णांना नाइलाजाने औषध बरेच उशिरा मिळाले होते. तरीही आजाराच्या साधारण त्याच वर्षी त्यांनाही हालचाली जडल्या. औषध नुकतेच सुरू झालेले असूनही! किती वर्षे औषध घेतले यापेक्षा आजार किती जुना आणि रोजची मात्रा किती, यांना महत्त्व असल्याचे त्यातून दिसले. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांना लगेच किंवा ४० आठवड्यांनी लेव्होडोपा सुरू करून पाहण्यात आले. २०१९ च्या त्या निष्कर्षांतही ८० आठवड्यांच्या शेवटी दोन्ही गटांत अनैच्छिक हालचालींच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तरुण वयात आजार झालेल्यांना धोका अधिक असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत मात्रा हात राखून दिली जाते ती आजही.

हालचाली जडल्यावर काय करायचे, याला आज काही उत्तरे आहेत. मोठ्या मात्रा तोडून लहान लहान मात्रा कमी अंतराने देतात. मूळ फ्लूच्या विषाणूवरचे अॅमँटाडीन हे औषध अनैच्छिक हालचाली आवरते. त्याच्या सावकाश विरघळणाऱ्या प्रकाराला अमेरिकेत २०१७ मध्ये याच कारणासाठी मान्यता मिळाली. निवडक रुग्णांत मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेने गोळ्यांची मात्रा पुष्कळ उतरवता येते. चौथा मार्ग पंपाचा आहे. कातडीखाली बसवलेल्या बारीक नळीतून औषध थेंबाथेंबाने दिवसभर जात राहते, म्हणजे गेलेल्या टाकीचे काम बाहेरच्या यंत्राने करायचे. युरोपात हा पंप बरीच वर्षे वापरात होता. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्या पंपातून जाणारे औषध आहे अॅपोमॉर्फिन, कोट्झिअस यांनी १९७० मध्ये आपल्या रुग्णांना देऊन पाहिलेले.